सौंदर्यशस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे महिने

आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे

मागील अंकात सौंदर्यशस्त्रक्रियांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत खर्च किती, परिणाम किती वर्षे टिकतो आणि व्रण दिसतो का, एवढेच विचारलेले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या, आठव्या किंवा चाळिसाव्या दिवशी आपली अवस्था काय असेल, हे फार थोड्यांनी विचारले. माझ्या मते निर्णय घेताना हा प्रश्न सर्वांत आधी यायला हवा, म्हणून उत्तरांत भर त्यावरच ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली. धाकटी मुलगी ५ वर्षांची आहे. चालणे आणि आहार सांभाळून वजन उतरवले आणि वर्षभर ते स्थिर आहे, तरी ओटीपोटाची कातडी लोंबते आणि दिवस गेल्यासारखे पोट पुढे दिसते. एका ठिकाणी ‘लायपोसक्शन करा आणि दोन दिवसांत कामावर जा’ असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी ‘टमी टक’ सुचवले. मी बँकेत नोकरी करते, घरी सासूबाई आहेत आणि स्वयंपाक मीच करते. काय करावे आणि किती दिवस घरी राहावे लागेल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : या दोन शस्त्रक्रियांची कामे वेगळी आहेत. लायपोसक्शनमध्ये कातडीखालची चरबी बारीक नळीने ओढून काढतात. आतड्यांभोवतीची चरबी त्याने निघत नाही, सैल पडलेली कातडी त्याने आवळली जात नाही आणि गरोदरपणात एकमेकांपासून दूर सरकलेले पोटाचे उभे स्नायूही जवळ येत नाहीत. तुम्ही उताणे झोपून फक्त डोके उचलले आणि पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसला, तर स्नायू दुरावले असण्याची शक्यता मोठी आहे. तेथे हर्नियाही असू शकतो, म्हणून ही तपासणी सर्जनकडून करून घ्यावी. तुमच्या वर्णनावरून कातडी आणि स्नायू हीच मुख्य अडचण दिसते. तसे असेल तर नुसत्या लायपोसक्शनने कातडी आणखी सैल दिसेल आणि पैसे खर्च करूनही समाधान मिळणार नाही.

‘दोन दिवसांत कामावर’ हे आश्वासन अर्धे खरे आहे. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८०च्या दशकात अशी पद्धत रूढ केली, की ज्यात भुलीचे औषध आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रेनलिन भरपूर सलाइनमध्ये मिसळून चरबीत सोडतात. त्यामुळे रक्तस्राव पुष्कळच घटला आणि लहान भागाचे लायपोसक्शन झालेली व्यक्ती काही दिवसांत खुर्चीवर बसून करायचे काम करू लागली. परंतु पहिले एक-दोन दिवस छिद्रांतून लालसर पाणी झिरपते, दोन आठवडे कातडी काळीनिळी राहते, घट्ट पट्टा चार ते सहा आठवडे वापरावा लागतो आणि खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त काढणे हे मोठे लायपोसक्शन मानले जाते; शरीरातील पाणी आणि क्षार यांचा तोल त्यात बिघडू शकतो, म्हणून अशा वेळी रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली राहणे आवश्यक असते. वजन उतरवण्याचा उपाय म्हणून कोणी लायपोसक्शन विकत असेल, तर तेथून परत फिरावे.

टमी टक ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ती बहुधा पूर्ण भूल देऊन होते आणि तिला दोन ते चार तास लागतात. ओटीपोटावर, तुमच्या सिझेरियनच्या व्रणाच्या पातळीला किंवा किंचित खाली, एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद घेतात, वरची कातडी मोकळी करतात, दुरावलेले स्नायू मध्यभागी टाक्यांनी एकत्र आणतात, जादा कातडी कापतात आणि बेंबीसाठी नवी जागा करतात. पहिला आठवडा कठीण जातो, हे मी माझ्या रुग्णांना आधीच सांगतो. पोट ताणलेले असल्याने कमरेत वाकूनच चालावे लागते, झोपताना पाठीमागे आणि गुडघ्यांखाली उशा घ्याव्या लागतात, आणि खोकला किंवा शिंक आली की पोटाला हाताने आधार द्यावा लागतो. आत साचणारा द्रव बाहेर यावा म्हणून बहुधा एक-दोन नळ्या ठेवतात. निचरा कमी झाल्यावर, साधारण एक-दोन आठवड्यांत, त्या काढतात. तोवर दररोज किती द्रव आला हे लिहून ठेवावे लागते.

हे सर्व असूनही चालणे टाळायचे नसते. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी आधार घेऊन चार पावले टाकायला लावतात, कारण पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो. पोटरी एकाएकी सुजली किंवा दुखू लागली, धाप लागली, छातीत दुखू लागले, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. घरातील मोठ्यांनाही हे सांगून ठेवावे, कारण ‘पोटाचे ऑपरेशन झालेय, उठू नकोस’ असा प्रेमळ आग्रह बहुतेक घरांत होतो.

बँकेतले बसून करायचे काम तुम्हाला दोन ते तीन आठवड्यांनी जमू शकेल. घरकामाला मात्र अधिक वेळ द्यावा लागेल. पाण्याची भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर, पिठाचा डबा, मुलीला कडेवर घेणे, जमिनीवर बसून भाजी निवडणे आणि उकिडवे बसणे या गोष्टी सहा आठवडे टाळाव्या लागतात. घरात कमोड नसेल तर खुर्चीचा कमोड आधीच आणून ठेवावा. हे सहा आठवडे स्वयंपाक कोण करणार, हे सासूबाई आणि पती यांच्याशी बोलून ठरल्याशिवाय तारीख घेऊ नका. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दहाव्या दिवशी कणीक मळायला उभ्या राहिलेल्या आणि मग जखमेत पाणी साचून परत आलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या घरच्यांशी बोलण्याची गरज अधिक वाटली आहे.

तुम्ही विचारली नाही, पण सांगणे भाग आहे अशी बाब तंबाखूची आहे. आपल्याकडे अनेक स्त्रिया मिश्री लावतात किंवा तपकीर ओढतात आणि ‘तुम्ही तंबाखू घेता का’ या प्रश्नाला मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजत नाहीत. निकोटीन कोणत्याही मार्गाने शरीरात गेले तरी कातडीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. टमी टकमध्ये मोकळी केलेली कातडी आधीच मर्यादित रक्तपुरवठ्यावर जगत असते. तिच्या कडा काळ्या पडून मरू शकतात आणि मग जखम भरायला महिने जातात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मिश्री, तपकीर, गुटखा, विडी हे सर्व पूर्ण बंद हवे. सर्जनला खरे सांगा. तो तुमचा न्याय करायला बसलेला नसतो. रक्तदाब, मधुमेह, गर्भनिरोधक गोळ्या, माशाच्या तेलाच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल यांचीही नोंद द्यावी. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.

टमी टकचा व्रण कायम राहतो. पहिले काही महिने तो लाल आणि कडक असतो आणि मऊ व फिका व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते. बेंबीखालचा भाग अनेक महिने बधिर राहतो. त्यामुळे गरम पाण्याची पिशवी तेथे ठेवू नये, भाजले तरी कळत नाही. आणखी मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, कारण गरोदरपणात पोट पुन्हा ताणले जाते.

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. तिचे लग्न ठरले असून चार महिन्यांवर आले आहे. नाकाचा उंचवटा तिला लहानपणापासून खटकतो. लग्नाआधी शस्त्रक्रिया करून घेतली तर फोटोंमध्ये सर्व नीट दिसेल का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : मुलीला स्वतःला ते खटकते, असे तुम्ही लिहिले आहे, आणि माझ्यासाठी ते महत्त्वाचे आहे. सासरकडच्या कोणी बोलून दाखवले म्हणून ही मागणी आली असती, तर मी शस्त्रक्रिया करू नका असेच सांगितले असते. तरीही सल्लामसलतीला मुलीने सर्जनशी काही वेळ एकटीने बोलावे.

नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर नाकावर साधारण आठवडाभर कडक पट्टी असते. डोळ्यांखालचा काळानिळेपणा दहा ते चौदा दिवसांत जातो. नाक चोंदते, पहिल्या रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो, आणि दुखण्यापेक्षा या कोंडलेपणाचाच त्रास अधिक होतो. दोन ते तीन आठवड्यांनी चारचौघांत वावरता येते. मात्र नाकाच्या शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागते, आणि आपल्याकडे अनेकांची असते तशी जाड त्वचा असेल तर त्याहूनही जास्त. चौथ्या महिन्यात सूज बरीच उतरलेली असेल, पण जे नाक फोटोत येईल ते तिचे अंतिम नाक नसेल. शिवाय काही जणांना दुरुस्तीची छोटी शस्त्रक्रिया लागते आणि ती वर्षभर थांबूनच करायची असते. लग्नाच्या धावपळीत ही शक्यता मनावर घेणे मला योग्य वाटत नाही.

लग्नाच्या दृष्टीने आणखी एक व्यावहारिक बाब आहे. चार ते सहा आठवडे नाकाच्या हाडावर चष्म्याचा भार नको असतो. जड नथ घालायची असेल, दाबाची असो वा टोचलेल्या छिद्रातली, तर नाकपुडीवर छेद कोठे घेतला आहे हे पाहून सर्जनने परवानगी दिल्यावरच घालावी. माझा सल्ला असा, की लग्न आनंदाने होऊ द्यावे आणि नंतर तिला स्वतःला सवड असेल तेव्हा शस्त्रक्रिया करावी. श्वास घ्यायला त्रास होत असेल, म्हणजे नाकाचा पडदा वाकडा असेल, तर तो त्याच वेळी सरळ करता येतो. त्यासाठी कान-नाक-घसा तपासणी आधी करून घ्यावी.

हा विषय निघाला की मला पुण्याची आठवण होते. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक १७९२च्या लढाईत टिपूच्या सैनिकांनी कापले होते. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक तयार केले. त्याचा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आला, आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन इंग्रज सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. त्या छोट्याशा वृत्तान्तात शस्त्रक्रियेनंतरचे दिवसही लिहिलेले आहेत : चार दिवस काथाचा लेप लावलेल्या पट्ट्या, मग तुपात भिजवलेली कापडे, पाच-सहा दिवस उताणे झोपणे, दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी कपाळाला जोडलेला कातडीचा सांधा कापणे. कपाळाच्या कातडीचे हे तत्त्व, सुधारणा होऊन, कर्करोगात किंवा अपघातात नाक गमावलेल्या रुग्णांसाठी आजही वापरतात. तुमच्या मुलीच्या शस्त्रक्रियेशी त्याचा थेट संबंध नाही, पण नंतरच्या दिवसांचा हिशेब ठेवण्याची ती शिस्त तिच्याही उपयोगाची आहे.

प्रश्न : वय २४. कपाळावरचे केस दोन वर्षांपासून मागे सरकत आहेत. एका ब्यूटी क्लिनिकने ‘एका दिवसात हेअर ट्रान्सप्लांट, हवे तेवढे केस’ असे पॅकेज दिले आहे. सुट्टी एकच दिवस मिळते. करावे का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : या वयात आणि या जागी करू नये. गळती कोठे थांबेल हे चोविसाव्या वर्षी कळत नाही. आज पुढची रेषा भरली आणि तिच्या मागचे मूळचे केस पुढच्या दहा वर्षांत गेले, तर पुढे केसांचा पट्टा आणि मागे रिकामी जागा असे विचित्र दृश्य तयार होते. डोक्याच्या मागच्या भागातून काढलेले केस तेथे पुन्हा उगवत नाहीत. तो साठा आयुष्यभरासाठी ठरलेला असतो, त्यामुळे ‘हवे तेवढे’ हे आश्वासन कोणीही पाळू शकत नाही. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान करून घ्यावे. मिनोक्सिडिल, आणि त्यांनी सुचवल्यास व दुष्परिणाम समजावून दिल्यास फिनास्टेराइड, ही औषधे गळती रोखू शकतात.

प्रत्यारोपण पुढे केलेच, तर ते कोण करणार हे आधी विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये स्पष्ट केले, की हे काम योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचे आहे. हातात तंत्र असले, तरी रुग्णाला भुलीच्या औषधाची तीव्र ॲलर्जी झाली तर पहिल्या काही मिनिटांत ऑक्सिजन, ॲड्रेनलिन आणि ते वापरता येणारा डॉक्टर जागेवर हवा असतो. ज्या खोलीत हे नाही, तेथे सुई टोचून घेऊ नये. प्लास्टिक सर्जनकडे जात असाल तर त्यांच्या नावापुढे एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही प्लास्टिक सर्जरीतील पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

एक दिवसाच्या सुट्टीत हे बसत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरते, खपल्या सात ते दहा दिवस राहतात, आणि दुचाकीवर हेल्मेट साधारण दोन आठवडे घालता येत नाही, म्हणजेच दुचाकी चालवायची नाही. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळतात. हे अपेक्षित असते, मूळ आत जिवंत राहते. पण आधी सांगितले नसेल तर रुग्ण हादरून जातो. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून येतात आणि पूर्ण परिणाम वर्षाने दिसतो.

प्रश्न : जड स्तनांमुळे मान-पाठ दुखायची, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पाठ मोकळी झाली, पण डावी बाजू उजवीपेक्षा मोठी दिसते, टाके लाल आहेत आणि मला रोज रडू येते. माझे काही चुकले का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही. दुखणारी पाठ मोकळी करून घेणे ही तुमची गरज होती. तिसऱ्या आठवड्यातले रडू मी अनेक रुग्णांत पाहिले आहे. भूल आणि वेदनाशामकांचा थकवा, अपुरी झोप, आरशात दिसणारे सुजलेले अनोळखी शरीर, आणि ‘स्वतःच्या हौसेने केलेस’ असे कोणी म्हणेल या भीतीने मनातच ठेवलेला त्रास, हे सर्व त्यात एकत्र आलेले असते. बहुतेकांचे मन सूज उतरते तसे काही आठवड्यांत सावरते. झोप आणि जेवण सुटले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि घरातील एका व्यक्तीला सोबत ठेवा.

दोन्ही बाजूंची सूज एकाच वेगाने उतरत नाही, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यातला फरक पाहून निष्कर्ष काढता येत नाही. आकार स्थिरावायला तीन ते सहा महिने लागतात. स्तनाग्राची संवेदना कमी-जास्त होणे, मधूनच कळ येणे हेही या काळात दिसते. परंतु एक बाजू काही तासांत टणक होऊन फुगली, लाली पसरत गेली, दुर्गंधीचा स्राव आला, स्तनाग्र काळपट पडले किंवा ताप १०१ अंशांच्या वर गेला, तर फोनवर समाधान करून न घेता प्रत्यक्ष दाखवावे.

टाके लाल असणे या टप्प्यावर नैसर्गिक आहे. आपल्या त्वचेत व्रण जाड होण्याची आणि काळे पडण्याची प्रवृत्ती अधिक असते. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी तुम्हाला पूर्वी गाठ आली असेल तर ते सर्जनला आवर्जून सांगा, म्हणजे सिलिकॉनची पट्टी किंवा जेल आणि गरज पडल्यास इंजेक्शन वेळेवर सुरू करता येईल. जखम पूर्ण मिटेपर्यंत समुद्रात किंवा तरणतलावात उतरू नका, आणि व्रणाला वर्षभर उन्हापासून जपा. हळद, कोरफड किंवा तेल ओल्या जखमेवर लावू नये.

प्रश्न : अशा शस्त्रक्रियांना मेडिक्लेम मिळतो का? माझ्या भावाचा हात भाजल्यामुळे आखडला आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविम्यात मिळत नाही आणि तिच्यावर वस्तू व सेवा करही लागतो. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र या अपवादात धरली जात नाही. तुमच्या भावाची शस्त्रक्रिया हाताचे काम परत मिळवण्यासाठी आहे, म्हणून ‘प्लास्टिक सर्जरी’ हे शब्द पाहून दावा नाकारला गेला तर तो अंतिम मानू नका. भाजल्याच्या वेळची रुग्णालयाची कागदपत्रे, बोटे आणि मनगट किती हलते याची सर्जनने लिहिलेली नोंद आणि छायाचित्रे जोडून कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. पॉलिसी भाजण्याच्या घटनेनंतर घेतली असेल तर आधीपासूनच्या व्याधीची प्रतीक्षा मुदत किती उरली आहे, हे पाहून तारीख ठरवावी, आणि तोवर हाताचा व्यायाम व रात्रीची स्प्लिंट (हात सरळ ठेवणारी आधारपट्टी) थांबवू नये.